प्रतीक्षा यादी : निरंक

गव्हाणे भाऊसाहेबांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द लिहिला असेल असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन, निरंक. स्वतःच्या सहीपेक्षाही जास्त. सरकारी तक्त्यात जिथं सांगण्यासारखं काही नसतं, तिथं हा शब्द लिहायचा असतो. तक्रारी, निरंक. प्रलंबित प्रकरणे, निरंक. भाऊसाहेब तो इतका देखणा लिहायचे की काही नसण्याचाही रुबाब वाटावा. 'नि'ची वेलांटी ऐसपैस, 'रं'वरचा अनुस्वार टाचणीच्या डोक्याएवढा, आणि शेवटच्या 'क'चा दांडा खाली किंचित लांबवलेला.

त्याच देखण्या अक्षरात त्यांनी एकदा तो शब्द लिहिला आणि बिडकीनचं पाळणाघर बंद पडलं. त्या रकान्यात जे खरं होतं तेच त्यांनी लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. आणि सही होण्याआधी तो कागद दहा-बारा मिनिटं माझ्या हातात होता, हेही सांगते. दुसरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मी नोकरीला लागले ती वडिलांच्या जागी, अनुकंपा तत्त्वावर. लहान मुलांच्या योजना बघणारं आमचं जिल्ह्याचं कार्यालय. बालगृहं, पाळणाघरं, आईबाप नसलेल्या मुलांची मदत, असं सगळं तिथून चालायचं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी, तेव्हा कागद मला नवीन नव्हता. तरी पहिल्याच दिवशी मी चुकले. भाऊसाहेबांनी एक तक्ता भरायला दिला होता आणि मी त्यातले दोन रकाने मोकळे सोडले होते.

"ताई, हे काय?"

"त्यात काही नाहीये, भाऊसाहेब."

"नाय ना? मग नाय म्हणून लिवा. रकाना मोकळा सोडायचा नसतो. मोकळी जागा दिसली की वरचा माणूस तिथं आपल्या मनानं काहीबी भरतो."

आणि मग त्यांनी मला खोल्यांची हकिगत सांगितली. पूर्वी कधीतरी 'वापरात नसलेल्या खोल्या' असा रकाना आला होता आणि तो कुणीतरी मोकळा सोडून दिला. वर कुणीतरी त्यात 'दोन' असा आकडा टाकला. महिन्याभरात आमच्या दोन खोल्या दुसऱ्या खात्याला गेल्या. "आजबी ते हापिस तिथंच बसतं," भाऊसाहेब म्हणाले. "आपला पंखा हाय त्यांच्याकडं." हा पंखा त्यांच्या फार जिव्हारी लागलेला होता. त्या खोल्यांवरून जाताना ते मान वर करून तो फिरतो का हे बघत.

माणूस ठेंगणा, सावळा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं आणि खिशाच्या पट्टीला टोचून ठेवलेल्या चार-पाच टाचण्या. गाव अजिंठ्याकडचं, शेती भाऊ बघायचा, आणि हे हर्सूलला दोन खोल्या बांधून राहिलेले. कंप्युटर त्यांना शेवटपर्यंत उघडता आला नाही. तो उघडायची वेळ आली की "ताई, तुमचं ते यंत्र जागं करा" असं म्हणायचे.

त्यांचा तो शब्द कागदावरून उतरून त्यांच्या बोलण्यातही शिरला होता. तब्येत कशी आहे विचारलं की "तक्रार निरंक." घरून फोन आला की आम्ही कान टवकारायचो. "व्हय... व्हय... नाय, मंडईत गेलोच नाय, भाजी निरंक. पिठलं टाक." मला बघायला पाहुणे येऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहत विचारलं, "काय, निकाल?" मी म्हटलं, "निरंक, भाऊसाहेब." इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्या स्थळाचं दुःख माझं तिथंच संपलं.

दुसरी एक खोड म्हणजे कागद वाया जाऊ न देणं. शहराचं नाव बदललं तेव्हा दारावरची पाटी बदलली, शिक्के बदलले आणि जुन्या नावाच्या लेटरहेडचे गठ्ठे रद्दीत घालायचा आदेश निघाला. भाऊसाहेबांनी ते गठ्ठे मागून घेतले, तेसुद्धा रीतसर अर्ज करून. "एका अंगानं कोरा हाय कागद," ते म्हणाले. "बिडकीनच्या लेकरांना चित्रं काढायला व्हतील."

बिडकीन हा त्यांचा विषय होता. तिकडं औद्योगिक वसाहतीचं काम निघालं तसे बांधकामावर मजूर आले. परभणीचे, नांदेडचे, काही पार बिहारहून आलेले. नवरा-बायको दोघंही कामावर, आणि लेकरू वाळूच्या ढिगाशेजारी. त्यांच्यासाठी एका छोट्या संस्थेनं पत्र्याच्या एका लांबट खोलीत पाळणाघर काढलं होतं. खोलीचं भाडं, खिचडी आणि सेविकेचं मानधन राज्याच्या अनुदानातून येई. सेविका होत्या शहनाज आपा. उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि आवाज असा की रडणारं लेकरू आधी दचकायचं आणि मग गप्प व्हायचं.

कारकुनानं पाळणाघर बघायला जाण्याचं काही कारण नसतं. भाऊसाहेब तरी महिन्यातल्या एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, स्कूटरवर लेटरहेडचा गठ्ठा बांधून बिडकीनला जायचे. एकदा मीही गेले. दारातच त्यांचा तक्ता सुरू झाला.

"आपा, आजारी?"

"निरंक."

"रडणारे?"

"वो एक है ना, संगीता. उसका निरंक नै होता."

संगीता चार वर्षांची असेल. आई कामावर गेली की ती दाराला धरून तासभर रडायची आणि मग एकदम तिला भूक लागायची. खिचडी वाढली गेली. लेकरं जेवली आणि एकेकानं रिकामी थाळी डोक्यावर पालथी धरून ओरडायला सुरुवात केली. "निरंक!" मला काही कळेना. आपा म्हणाल्या, "भाऊसाहबनेच सिखाया. थाली खाली झाली की निरंक. एक दाणा नै राहायचा." सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी संगीताच होती, आणि भाऊसाहेब दर थाळीखाली वाकून, बघून, "मंजूर" म्हणत होते. साहेब लोक सही करतात त्याच गांभीर्यानं.

पाळणाघराला मान्यता पंचवीस मुलांची होती. मी मोजली तेव्हा चाळीसच्या आसपास भरली. हजेरीपटावर पंचवीस, बाकीची 'सोबत आलेली'.

"आपा," भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "मान्यता पंचवीसची हाय."

"मालूम है मेरेको. पण लेकरू दारात खडं असलं तर ना कसं बोलू? कल आना बोलू? कल तो वो ट्रॅक्टर के नीचे बैठेंगा."

पुढच्या खेपेपासून लेटरहेडच्या गठ्ठ्याबरोबर तांदळाची एक पिशवी जाऊ लागली. आमच्याकडं भात पिकत नाही, तेव्हा ती दुकानातूनच येत असणार. याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता थोडं अंदाजपत्रकाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दर हिवाळ्यात वरून एक तक्ता येतो. जिल्ह्यात कुठं किती मुलं, काय हवं, ते भरून पाठवायचं. असे राज्यभरचे तक्ते गोळा होतात आणि मार्चच्या अंदाजपत्रकात त्यांची मिळून एक ओळ होते. त्या ओळीत जेवढं मावेल तेवढ्या गावांची यादी उन्हाळ्यात आमच्याकडं परत येते. यादीत नाव आहे की नाही, एवढ्यावर एखाद्या गावची खिचडी चालू राहते किंवा बंद होते.

मार्चमध्ये ज्या दिवशी अंदाजपत्रक मांडलं जायचं, त्या दिवशी भाऊसाहेब दुपारी मोबाइलची वायर कानात घालून बसायचे. आम्ही बाकीचे महागाई भत्त्याचं काही निघतं का याची वाट बघत असू. ते पुढ्यात एक चिठोरं ठेवत आणि भाषणात 'बालक' हा शब्द आला की त्यावर एक रेघ ओढत. भाषण संपलं की मी विचारायची, "किती, भाऊसाहेब?"

"यंदा दोन. त्यातलं एक कवितेत व्हतं."

आम्ही हसायचो. ते मात्र चिठोरं घडी करून खिशात ठेवत. "एक तर एक," ते म्हणत. "एका शब्दात लई लेकरं बसतात." मला तेव्हा हा माणूस जरा भोळाच वाटायचा. आता मी स्वतः ते भाषण कानात वायर घालून ऐकते.

त्या हिवाळ्यात तक्ता आला तो जुन्याच नमुन्याचा होता, फक्त शेवटून दुसरा रकाना नवा होता. 'प्रतीक्षेत असलेली मुले.' म्हणजे पाळणाघराच्या दारातून जागा नाही म्हणून परत गेलेली मुलं किती. प्रशिक्षणात माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण दुसऱ्या जिल्ह्यात आमच्यासारख्याच कार्यालयात होती. तिचा फोन आला. "वर्षा, यंदा सगळं त्या रकान्यावर आहे. पैसा कमी आहे म्हणतात. जिथं यादी मोठी तिथलंच केंद्र टिकणार. आम्ही सगळीकडं भरभरून लिहिलंय, तुम्ही पण लिहा."

मी फोन ठेवून भाऊसाहेबांकडं गेले. तक्ता त्यांच्यापुढंच होता, पेनाचं टोपण काढलेलं.

"बिडकीनला प्रतीक्षेत किती लिहिताय?"

"तिथं कोण हाय प्रतीक्षेत? आपा कुणाला परत धाडतच नाय."

"ती जास्तीची पंधरा आहेत ना. त्यांना मान्यता नाही, तीच लिहा."

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "ती आत हायत, ताई. जेवून झोपलेली हायत. झोपलेलं लेकरू प्रतीक्षेत कसं लिवायचं?"

मी मैत्रिणीचा निरोप सांगितला. बाकीचे जिल्हे काय करताहेत तेही सांगितलं. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, "आणि ती पंधरा दाखवली, अन् वरनं विचारलं की नावं कुठली, तर? मान्यतेपेक्षा जास्त लेकरं का घेतली म्हणून नोटीस कुणाला जाईल? आपालाच ना? खोटं लिवलं तर आपलं पाप, आणि खरं लिवलं तर तिला तरास. तिथं नाय कुणी प्रतीक्षेत. नाय तर नाय."

"मग मोकळा तरी सोडा."

"मोकळा?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पहिल्या दिवसाचं सगळं शिक्षण पुसून टाकलं होतं. आणि मग त्यांनी लिहिलं. ऐसपैस वेलांटी, टाचणीएवढा अनुस्वार.

कागद सहीला न्यायचं काम माझं. साहेब मीटिंगमध्ये होते म्हणून मी त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. दहा-बारा मिनिटं. माझ्या टेबलावर यंत्र चालू होतं, तोच तक्ता त्यात होता, 'पंधरा' असा आकडा टाकून नवा कागद काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. भाऊसाहेबांना कळलंही नसतं. मी उठले नाही. एवढ्या खऱ्या कागदाचं वाईट कसं होईल असं वाटलं, हे एक कारण. दुसरं कारण असं की, काही चुकलंच तर अक्षर त्यांचं आहे, हाही विचार माझ्या मनात येऊन गेला. तो कसा आला, किती वेळ राहिला, हे मी सांगू शकत नाही. आला होता एवढं नक्की, आणि त्याची मला लाज वाटते.

मार्चमध्ये चिठोऱ्यावर एकच रेघ निघाली. "यंदा कवितेत पण नाय," भाऊसाहेब म्हणाले. उन्हाळ्यात यादी आली. तिच्यात बिडकीन नव्हतं.

सोबत पत्र होतं. ज्या केंद्रांवर प्रतीक्षा यादी निरंक आहे, तेथील गरज पूर्ण झाल्याचे दिसून येते, सबब त्या केंद्रांचे अनुदान गरज असलेल्या केंद्रांकडे वळविण्यात येत आहे. भाऊसाहेबांनी ते उभ्यानंच वाचलं. मग कपाट उघडलं, हिवाळ्यातल्या तक्त्याची आमच्याकडची प्रत काढली आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली.

"आपलंच अक्षर हाय," ते म्हणाले, आणि प्रत परत जागेवर ठेवून दिली.

त्यानंतर त्यांनी केलं नाही असं काही राहिलं नाही. फेरविचाराचा प्रस्ताव लिहिला, साहेबांची सही घेतली, स्मरणपत्रं पाठवली, वरच्या कार्यालयात ओळखीच्या कारकुनाला फोन लावले. उत्तर सगळीकडून एकच. अंदाजपत्रक मंजूर झालं आहे, आता पुढच्या वर्षी बघू. मैत्रिणीच्या जिल्ह्यातली केंद्रं सगळी टिकली होती. मला तिचा राग यायला हवा होता, पण तिनं तर मला सांगितलं होतं. संस्थेनं दोन महिने कसेबसे ओढले आणि मग हात टेकले.

आपांना सांगायला भाऊसाहेब स्वतः गेले. मीही गेले. पोचलो तेव्हा खिचडी वाढणं चाललं होतं. आपांनी डाव हातात धरूनच सगळं ऐकून घेतलं. ओरडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही काय लिहिलं होतं कागदावर, भाऊसाहब?"

"निरंक."

आपांना ते नीट समजलं नाही. "पण ते तर थाली खाली झाल्यावर बोलतात ना?"

मागं लेकरांचं जेवण संपत आलं होतं. पहिली थाळी डोक्यावर गेली, मग दुसरी, आणि सगळी खोली तो शब्द ओरडू लागली. संगीता नेहमीसारखी सगळ्यात वरच्या पट्टीत. "मंजूर" ऐकायला थाळ्या पालथ्या धरून लेकरं थांबली होती. भाऊसाहेब पायात चपला घालून बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले. आपांनीच मग एकेका थाळीखाली बघितलं. मी मध्ये उभी होते. मला भाऊसाहेबांची कीव आली आणि त्याच वेळी संतापही आला. खरं लिहिणाऱ्यानं वाचणारा कोण आहे हे बघायला नको का, असं त्यांना तोंडावर विचारावंसं वाटलं. मग बाकावरची ती दहा-बारा मिनिटं आठवली.

परत निघताना आपांनी लेटरहेडचा उरलेला गठ्ठा स्कूटरला बांधून दिला. "ले जाओ. इथं कोण चित्र काढणार आता?"

त्या दिवसानंतर भाऊसाहेबांनी तो शब्द सोडला. मला ते लगेच लक्षात आलं नाही. एकदा चहावाल्याला ते "नको" म्हणाले तेव्हा कानाला खटकलं. मग मी तक्ते बघितले. 'नाही' असं लिहिलेलं होतं, साधं, घाईच्या अक्षरात. कुणी तब्येत विचारली तर "हाय, बरं हाय" म्हणायचे. कार्यालयात कुणी गमतीनं निरंक म्हटलं तर हसायचे नाहीत. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या अचूक कामाबद्दल बरंच काही सांगितलं. भाऊसाहेब उत्तराला उठले, म्हणाले, "साहेब म्हणले की माझं काम अचूक व्हतं. तेवढंच जरा..." आणि वाक्य तिथंच सोडून खाली बसले. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. टाळ्या झाल्या.

त्यांच्या टेबलावर मी बसू लागले. वर्षभर आम्ही भेटलो नाही. भेटायला मी गेले नाही, असं म्हणणं जास्त खरं आहे. काय बोलायचं हा प्रश्न होता.

या हिवाळ्यात तक्ता पुन्हा आला. रकाना तोच. खाली एक नवी ओळ होती, बंद झालेलं केंद्र पुन्हा सुरू करायचं असल्यास प्रतीक्षा यादी नावानिशी जोडावी. मी तक्ता पिशवीत घातला आणि हर्सूलला गेले. दार काकूंनी उघडलं.

"ते बिडकीनला गेलेत," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा जातात. बसनं. स्कूटर इकली. तिथं काय ठेवलंय म्हणलं तर बोलत नायत."

मी थांबले. भाऊसाहेब उन्हं उतरता उतरता आले, बुशशर्टावर धूळ, हातात कापडी पिशवी. मला बघून चपला काढता काढता थबकले, मग "ताई, कधी आल्या?" म्हणाले, जसं काही कालच भेटलो होतो. मी तक्ता पुढं केला. त्यांनी तो वाचला, खालची नवी ओळ दोनदा वाचली, आणि पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. जुन्या नावाची लेटरहेडं. मागची कोरी बाजू पट्टीनं आखलेली, आणि त्या प्रत्येक पानावर ते ओळखीचं अक्षर.

लेकराचं नाव. वय. आई कुठं कामाला. लेकरू दिवसा कुठं असतं. शेरा.

मी चौथा रकाना वाचत गेले. सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला. आईच्या पाठीवर. शेजारच्या म्हातारीपाशी, म्हातारीस दिसत नाही. खोलीत, बाहेरून कडी. खोलीत, बाहेरून कडी. रस्त्याच्या कडेला, बहिणीपाशी. पहिल्याच पानावर एका नावावर आडवी रेघ होती. संगीता, वय पाच, ते खोडून सात.

"हिचं काय झालं?"

"काय नाय. मोठी झाली. सहाच्या पुढं पाळणाघरात बसत नाय. साळत घातली व्हती. आता धाकट्या भावाला सांभाळती घरी. त्याचं नाव खाली हाय बघा, तिसऱ्या पानावर."

रेघ मारलेली नावं आणखीही होती. कुठं 'गाव बदलले', कुठं 'वयातून बाहेर'. त्यांनी हे कधीपासून चालवलं होतं हे मी विचारलं नाही. पानांवरून कळतच होतं. काकूंनी चहा आणून ठेवला तो निवत गेला. मी सगळी पानं चाळली आणि जुन्या सवयीनं बोलून गेले, "भाऊसाहेब, शेऱ्याचा रकाना मोकळा राहिलाय. सगळ्या पानांवर."

"राहू द्या," ते म्हणाले.

"निदान एखादी रेघ तरी..."

"नको, ताई. मी तिथं काय लिवलं की वरचा माणूस तेच खरं मानतो." त्यांनी गठ्ठ्याच्या कडा हातानं सारख्या केल्या, खिशाच्या पट्टीची एक टाचणी काढून लावली आणि तो माझ्याकडं सरकवला. "या वेळेला भरू द्या त्यांना. काय भरतात बघू."

त्या बाकावरच्या दहा-बारा मिनिटांचं मला त्या दिवशी त्यांना सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच गेले होते म्हटलं तरी चालेल. तोंडाशी आलं आणि मी चहाचा कप उचलला. निघताना ते फाटकापर्यंत आले, "सांभाळून जा" म्हणाले, आणि मी हो म्हटलं.

तक्ता गेला, सोबत त्यांची यादीही. साहेबांनी सही केली. मार्च अजून यायचा आहे.

मध्यंतरी यादीतली नावं पडताळायला कार्यालयाच्या गाडीतून बिडकीनला जायची पाळी आली. वसाहतीच्या रस्त्याला लागलो तर डाव्या हाताला विटांच्या ढिगावर भाऊसाहेब बसलेले दिसले. गुडघ्यावर लेटरहेड, हातात पेन. समोर एक बाई रिकामी पाटी कमरेला लावून उभी होती आणि तिच्या साडीमागं अडीच-तीन वर्षांची एक पोरगी लपली होती. भाऊसाहेब तिला नाव विचारत होते. आईनं सांगितलं असतं तर एका क्षणात काम झालं असतं, पण ते हात वर करून आईला थांबवत होते. त्यांना ते पोरीकडूनच हवं होतं. पोरगी एक डोळा बाहेर काढायची आणि परत आत जायची. ड्रायव्हरनं विचारलं, "थांबवू का, मॅडम?" मी नको म्हटलं.

गाडी वळली तेव्हा मी मागं बघितलं. पेन कागदावर टेकलेलं नव्हतं. भाऊसाहेब मान तिरकी करून, कान पुढं करून थांबलेले होते.